सल्लागार स्वस्तातला म्हणून निवडत नाहीत

रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या अभियांत्रिकी सल्लागारांबद्दल 'सल्लागार नेमताना सर्वात कमी दराचीच निविदा घेतात' असं एकांनी म्हटलंय. अमेरिकेतल्या प्रादेशिक वाहतूक संस्थांचं, म्हणजे शहर आणि आसपासच्या भागाच्या वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या संस्थांचं, मात्र तसं नाही. केंद्राच्या महामार्ग निधीतून होणाऱ्या अभियांत्रिकी आणि आराखड्याच्या कामांना १९७२ च्या ब्रूक्स कायद्याची पद्धत लागते. आधी अनुभव, हाताशी असलेली माणसं आणि कामाची समज पाहून क्रम लावायचा, मग पहिल्याशी दराची बोलणी करायची. जमलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं. मला हे मनापासून पटतं. आराखड्यात केलेली काटकसर बांधकामात चांगलीच महाग पडते.

सल्लागार येतो त्याच्या खूप आधी काम ठरलेलं असतं, आणि लोकांचं लक्ष नेमकं तिथेच नसतं. या संस्थांकडे किमान २० वर्षांची दीर्घकालीन वाहतूक योजना आणि किमान ४ वर्षांची कामांची यादी असते. पैसा कुठून येणार हे दाखवल्याशिवाय काम त्या यादीत घेता येत नाही. दोन्हींचे मसुदे मंजुरीआधी जनतेच्या सूचनांसाठी खुले करावे लागतात. 'हा रस्ता हवाच कशाला?' हे तेव्हाच विचारा. सल्लागाराची जाहिरात निघेपर्यंत चर्चा फक्त 'कसा बांधायचा' यावर आलेली असते.