प्रायमर जुने, विषाणू नवा

पीसीआर (रक्तात विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह म्हणजे डेंगी नाहीच, असं काही जण मानतात; हे मत मला धोक्याचं वाटतं. डेंगीचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, साधारण १०,७०० अक्षरांचा, आणि नक्कल करताना झालेल्या चुका हा विषाणू दुरुस्त करत नाही. चाचणीचा प्रायमर, म्हणजे त्या मजकुराशी जुळून चिकटणारा छोटा तुकडा, मात्र जेमतेम वीसेक अक्षरांचा. त्याच्या ३' टोकाशी (जिथून नक्कल पुढे वाढते) जुळणाऱ्या जागीच विषाणूत बदल झाला, तर विषाणू रक्तात असूनही चाचणी चुकू शकते. १९९२ साली लान्सिओटी आणि सहकाऱ्यांनी दिलेले प्रायमर अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं वापरले. विषाणू तेवढा काळ थांबून राहिला नाही. म्हणून दर हंगामात चारही सीरोटाइपचे (डेंगी विषाणूच्या प्रकारांचे) नमुने सीक्वेन्स करून, म्हणजे त्यांची अक्षरं वाचून, प्रायमरशी ताडून पाहायलाच हवेत. शिवाय तापाचा आठवडा उलटल्यावर रक्त घेतलं असेल, तर आयजीएमही (संसर्गानंतर शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं) तपासा.