बेशिस्त की संडासाची रांग?
झोपडपट्टीत करोना पसरला तो लोकांच्या बेशिस्तीमुळे, असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. जुलै 2020 मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी मिळून मुंबईत दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली होती. झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडीज (म्हणजे करोना होऊन गेल्याची रक्तातली खूण) सापडल्या, त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये 16 टक्के. वॉर्ड तेच, लॉकडाऊनही तोच. दाटी आणि सामायिक संडास हे कारण तेव्हा अहवालातही दिलं होतं.

आमच्या गल्लीला तेव्हा एकच सार्वजनिक संडास. सकाळी डबा घेऊन उभं राहिलं की पुढच्याच्या पाठीला टेकायचं, आणि दाराची कडी सगळ्यांनी तीच ओढायची. साबण होता हो घरात! पण नळ तासभर, त्यात आधी हंडे-कळशा भरणार की वीस-वीस सेकंद हात धुणार? आणि 'घरी बसा' म्हणजे दहा बाय दहात सहा जण (हातावर पोट असलेल्यांचं तर सोडाच). 2021 च्या सुरुवातीला आकडे परत चढले तेव्हा बहुतेक रुग्ण इमारतींतले होते, त्यावर कोणी बेशिस्तीचे धागे काढलेले दिसले नाहीत.