प्रतिसाद: दगडाला पाझर फुटतो का?

काहीजण म्हणतात की देवच न मानणाऱ्यांपुढे सुवार्ता (येशूचा संदेश) म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला लाइपझिगचं निकोलाय चर्च आठवतं. पूर्व जर्मनीतल्या साम्यवादी राजवटीत, 1982 पासून तिथे दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना व्हायची. दारावर पाटी: ‘सर्वांसाठी खुले’. पाळक क्रिस्टियान फ्युरर यांनी ती पाटी अक्षरशः पाळली. निरीश्वरवादी, सरकारवर चिडलेले, देश सोडू पाहणारे, सगळे यायचे.

9 ऑक्टोबर 1989 ला तर सत्ताधारी साम्यवादी पक्षानेच जागा अडवायला आपले शेकडो सभासद आत बसवले. त्यांनाही येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकावं लागलं! (फुकटचे श्रोते, आणखी काय हवं?) बाहेर रस्त्यावर सरकारविरोधी निदर्शनाला सुमारे 70,000 लोक, पण गोळी सुटली नाही. फ्युरर म्हणायचे, मेणबत्तीला दोन्ही हात लागतात: एकाने धरायची, दुसऱ्याने वाऱ्याला आडोसा करायचा. मग दगड उचलायला हात उरतोच कुठे?

हेही खरं की नंतर चर्चं काही भरली नाहीत. तिथले बहुतेक लोक आजही कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. म्हणून ते काम वाया गेलं, असं मला तरी वाटत नाही. बाप्तिस्मे मोजायचे असतील तर गोष्ट वेगळी.