तक्रार सभासदाचीच, पण कुणाची ते कळू नये: गट-सहीनं जमेल काय?

निपाणीचा पोरगा:
आमच्या गावच्या दूध संस्थेत ऐंशीएक सभासद. फॅट कमी लावतात ही कुरकुर रोजची, पण लिहून देणार कोण? मागं एकानं पेटीत चिठ्ठी टाकली. सेक्रेटरीनं ती सगळ्यांसमोर वाचली आणि नुसता 'ळ' बघून म्हणाला, "हे अक्षर वरच्या गल्लीतलं की!" त्यानंतर त्या माणसाचं दूध रोज 'वास येतोय' म्हणून परत.

मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला मोबाइलवरची तक्रारपेटी करायची म्हणतोय. तक्रार सभासदाचीच आहे हे पटावं, पण नाव कळू नये. सगळ्यांना एकच खाजगी किल्ली (डिजिटल सही करायचा गुप्त आकडा) वाटली तर चालेल काय? का गट-सही म्हणतात ती हीच?

टिळकवाडीचा अण्णा:
एकच किल्ली अजिबात नको. एकाच्या मोबाइलमधून फुटली की सगळ्यांची गेली, आणि एकाला काढायचं तर सगळ्यांना नवी द्या.

गट-सही 1991 मध्ये डेव्हिड चॉम आणि यूजीन व्हान हाइस्ट यांनी मांडली. सही करायची किल्ली ज्याची त्याची, पण तपासायची सार्वजनिक किल्ली अख्ख्या गटाची एकच. नंतरच्या बऱ्याच पद्धतींत असं चालतं: व्यवस्थापक प्रत्येकाला प्रमाणपत्र देतो. सही करताना सभासद ते दाखवत नाही, आपल्याकडे ते आहे एवढंच शून्य-ज्ञान पुराव्यानं पटवतो. एकाच माणसाच्या दोन सह्या शेजारी ठेवल्या तरी त्या एकाच्याच हे बाहेरच्याला कळत नाही. बोने, बॉयेन आणि शॅकम यांच्या 2004 च्या पद्धतीत सही 200 बाइटच्या आत बसते, सभासद ऐंशी असोत नाहीतर ऐंशी हजार.

आता गोम ऐक. सही करणाऱ्याची ओळखही कुलूपबंद होऊन त्या सहीतच जाते, आणि ते कुलूप उघडायची किल्ली व्यवस्थापकाकडे असते. तुमच्यात व्यवस्थापक कोण होणार? सेक्रेटरीच ना? मग झालंच कल्याण!

निपाणीचा पोरगा:
अण्णा, ती किल्ली तिघांत वाटली तर?

टिळकवाडीचा अण्णा:
येते की वाटता. तिघं एकत्र आल्याशिवाय उघडायचं नाही अशी रचना करता येते. प्रमाणपत्र देणारा एक आणि उघडणारा दुसरा असंही ठेवतात. पण तिघं कुठले निवडशील? एकाच पंगतीला बसणारे निघाले तर गणित काय करणार?

खानापूरवाला:
उघडणाराच नको असेल तर रिंग सही बघ. रिव्हेस्ट, शमीर आणि टॉमन, 2001. व्यवस्थापक नाही, नावनोंदणी नाही. गावातल्यांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करायच्या, त्यांना विचारायचीही गरज नाही, आणि 'यांच्यापैकी कुणीतरी' अशी सही करायची. त्यांच्या मूळ पद्धतीत नावं वाढली की सही लांबते, पण ऐंशीला काही अडत नाही. खरी अडचण वेगळी. खोटी तक्रार आली तरी कुणाला विचारता येत नाही आणि एकच माणूस रोज पन्नास टाकू शकतो. त्यावर जोडता येणारी रिंग सही आहे: एकाच किल्लीच्या दोन सह्या एकाच्या हे कळतं, कुणाच्या ते नाही. मोनेरो या क्रिप्टो चलनात तेच नाणं दोनदा खर्चू नये म्हणून हीच युक्ती वापरतात.

चिकोडीची वहिनी:
सही लपवाल, पण मजकूर? आमच्या संस्थेत कन्नडमध्ये लिहिणारी चारच घरं आहेत. तक्रार कन्नडमध्ये आली की बाकीची सगळी घरं तिथंच गळली. त्यात कुणी लिहिलं, 'काल सकाळी माझ्या म्हशीला 5.2 लावली', की सेक्रेटरी रजिस्टर उघडून त्या ओळीवर बोट ठेवणार. आणि ॲपमध्ये शिरायला मोबाइल नंबर मागत असशील तर सहीपर्यंत जायलाच नको.

निपाणीचा पोरगा:
वहिनी, नंबर काढतो. भाषेऐवजी ठरलेले पर्याय देतो: फॅट, माप, बिल उशिरा. पण आकडा आणि तारीख काढली तर सेक्रेटरी म्हणणार, "पुरावा कुठाय?" त्याला काय उत्तर देऊ?

चिकोडीची वहिनी:
एकाच आठवड्यात वीस वेगवेगळ्या सभासदांनी 'फॅट' दाबलं तर मशीन तपासायला लावता येतं, आकडा कुणाचाच लागत नाही. वीसही वेगळे आहेत हे कळायला मात्र खानापूरवाल्यांची जोडता येणारी सहीच घे.