डेंगूला महामारी म्हणायचं का? फळ्यावर लिहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी चोपडा तालुक्यातला. श्रावण लागल्यापासून आमच्या गावात डेंगूचे पेशंट निघतायत आणि कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिलं की गावात महामारी आली, बस, तेवढ्यावरून कानबाईच्या रोटाला (आमच्या खान्देशातला श्रावणातला सण) सुरतहून येणारे भाऊबंद येत नाही म्हणे, आणि ज्यांच्याकडे पेशंट आहे त्यांच्या घरी कोणी पाणीसुद्धा पीत नाही. फार वाईट वाटतं हो. डेंगू काय शिवाशिवीने होत नाही, तो एडिस डासाने होतो, पण लोक माणसाला घाबरतायत आणि दारातला पाण्याचा ड्रम उघडाच.

सरपंचांनी फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे दिलंय. मला कळलं ते असं की गावात-तालुक्यात नेहमीपेक्षा जास्त पेशंट वाढले की साथ, आणि तीच देशोदेशी पसरली की पॅन्डेमिक, म्हणजे ज्याला महामारी म्हणतात ते. कोरोनाला डब्ल्यूएचओने ११ मार्च २०२० ला तसं म्हटलं तेव्हा ११४ देशांत १ लाख १८ हजारांवर केसेस होत्या. आजार किती जीवघेणा यावर ते ठरत नाही, २००९ चा स्वाइन फ्लू कोरोनापेक्षा सौम्य, तरी पॅन्डेमिकच.

पण म्हाताऱ्या माणसांना महामारी म्हटलं की मरीमाय आठवते, पटकी, प्लेग, १९१८ ची मानमोडी (फ्लूची साथ), सरळ मरणच. आणि नुसतं साथ लिहिलं तर पोरं म्हणतील दरवर्षीचंच आहे. मग लिहू काय? अहिराणीत कोणी सांगेल का?

प्रतिसाद १:
भाऊ, महामारी लिहूच नका. मी आशा कार्यकर्ती आहे, आम्ही घरोघर 'डेंगूची साथ' म्हणतो आणि लागलीच काम सांगतो: आठवड्यातून एक कोरडा दिवस, टाक्या रिकाम्या करून घासायच्या. पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्याला आजार देतो, हे सांगितलं की लोक पेशंटला टाळत नाहीत. तापात मनाने ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका हेही मोठ्या अक्षरात लिहा.

प्रतिसाद २:
दादा, असं लिहा: "गावमा डेंगूनी साथ शे, महामारी नही. पाव्हनासले येऊ द्या, पानीनं टाकं झाकी ठेवा."

धागाकर्ता:
ताई, दादा, हेच पाहिजे होतं. मच्छरदाणीचं तर मला सुचलंच नव्हतं. एकच राहिलं, सातपुड्याच्या पाड्यांवर मलेरिया दरसाल असतोच, त्याला पण साथच म्हणायचं का?

प्रतिसाद १:
नेहमीएवढेच पेशंट असतील तर नाही, तो तिथला कायमचा आजार. एकदम वाढले तर साथ, तेव्हा लगेच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळवा.