मदत हवी आहे: आमवात आणि नव्या घराची मांडामांड

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतेच चिंचवडला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायला आलो. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. सकाळी बोटं आखडलेली असतात, मोकळी व्हायला तासाच्या वर जातो. त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घेते, पण दुसऱ्या दिवशी अंगात त्राण राहत नाही. खोकी अजून भिंतीला तशीच रचलेली आहेत.

बाकीचं घर हे रविवारी लावतील. स्वयंपाकघर मात्र मलाच लावायचंय, कारण रोज हात माझे दुखणार. घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत, म्हणजे उभं रॅकच घ्यावं लागेल. पीठ, तांदूळ, तेल कमरेच्या उंचीवर ठेवायचं ठरवलंय. वाकणंही नको आणि हात वर करणंही नको.

अडतंय ते इथे: ओट्याखाली कपाटं आहेत, पाय आत जात नाहीत. मग बसून भाजी चिरायला, पोळ्या लाटायला कुणी काय सोय केली आहे? फिरकीची झाकणं मला उघडत नाहीत, तर धान्याला कुठले डबे बरे? कुकर आतल्या झाकणाचा घ्यावा की बाहेरच्या? नळाला लांब दांडीचा कॉक बसवायला मालक तयार आहेत, त्याने मनगटाला खरंच आराम पडतो का?

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला हा त्रास आहे त्यांनी जरूर लिहा. औषधांचे सल्ले नकोत, माझे डॉक्टर आहेत. ओट्याचे, रॅकचे फोटो टाकलेत तर फार उपयोग होईल.