पिस्टनच्या रिंगा बसायला लोड (इंजिनवर ताण) लागतो

वर कुणीतरी सुचवलंय की इंजिन उघडून नव्या रिंगा टाकल्यावर गाडी तासभर आयडलिंगवर (जागेवर नुसती चालू) ठेवा आणि पहिले १००० किमी रेंगाळत चालवा. जपून चालवण्याला हरकत नाही, पण आयडलिंग नकोच. पिस्टनभोवतीच्या नवीन रिंगा सिलिंडरला घट्ट दाबतो तो त्यांच्या मागे शिरणारा गॅसचा दाब. लोड नसेल तर दाबही नाही. मग होनिंगच्या (सिलिंडर आतून घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघांवर काचेसारखी झिलई चढते आणि गाडी ऑइल खात राहते. इंजिन गरम झालं की मध्यम अ‍ॅक्सिलरेटर देत वेग वाढवा, मग पाय काढून गिअरमध्येच मंदावू द्या. त्या वेळी व्हॅक्यूममुळे थोडं ऑइल वर खेचलं जातं, धातूचा कीस धुऊन निघतो. असं बऱ्याचदा करा.

जुन्या धाटणीचे फ्लॅट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे सपाट तळाचे भाग) असतील तर मात्र कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) स्टार्ट होताच २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं इंजिन चालवा, तेही वरखाली करत (ऑइल प्रेशर आधी भरून घेतलंय असं धरतो).

पहिलं ऑइल मिनरल (सिंथेटिक नव्हे) घाला, लवकर बदला. काढलेला ऑइल फिल्टर कापून बघा. करडी बारीक चमक चालते. तांबूस पापुद्रे दिसले तर गाडी थांबवून बेअरिंग तपासा.